डोलकाठीखालचं नाणं

विठू,

सकाळपासून चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा उठलो. एकदा विहिरीवर गेलो, तहान नव्हती. एकदा फाटकापर्यंत गेलो, कोणी यायचं नव्हतं. मग माडांखालून किनाऱ्याकडे निघालो आणि तुझ्या तारवं बांधायच्या मांगराचं चुडतांचं छप्पर दिसताच तिथूनच मागे फिरलो. शेवटी बायको ओरडली, "एका जाग्यार बसा बगू! तुमका बगून माका घेरी येता." बसलो आहे. किती वेळ बसवेल ते सांगता येत नाही.

तुझं तेरावं परवा झालं. पानं बसली, माणसं जेवली, मीही जेवलो. खीर दोनदा घेतली आणि मग स्वतःचाच राग आला. आता उद्या सकाळी पांडू तांडेलाच्या नव्या मचव्यावर डोलकाठी उभी करायची आहे. ज्या मचव्याच्या परांचीवरून तू पडलास, तोच हा मचवा. आणि त्या डोलकाठीच्या बुंध्याखाली ठेवायचं नाणं माझ्या हातून जायचं आहे. माझ्या! कालपर्यंत सात वर्षं मी जुनं नाणं हातात धरलेलं नव्हतं, हे साऱ्या वाडीत फक्त तुला ठाऊक होतं, आणि तूच नाहीस.

'मेल्या' म्हटल्याशिवाय तुझ्याशी माझं एक वाक्य सुरू होत नसे. तीही सोय तू ठेवली नाहीस. काल मांगराजवळून जाताना सवयीनं तो शब्द तोंडात आला आणि मी जीभ चावली. आत तुझा तासायचा वाकस खांबाला तसाच अडकवलेला होता, पात्यावर अजून आईनाच्या लाकडाचा भुसा होता. मी तो झटकला नाही.

सुरुवात कुठून करू? तुझ्या जन्मगावापासून करायची तर इथल्या प्रत्येकाला ते माहीत आहे, आणि तू किती तारवं बांधलीस ते किनाऱ्यावर उभं राहिलं तरी दिसतं. मी आपली शिवराईपासून करतो. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं, आणि ते मिटलेलं नाही.

दहा वर्षांचे असू आपण. रात्रभर उधाण होतं आणि सकाळी दर्यानं पुळणीचा मोठा लचका तोडून नेला होता. शाळेची वाट सोडून आपण खालून निघालो होतो. माझ्या अंगात सदरा, तुझ्या कमरेला नुसता पंचा. वाळूच्या तुटलेल्या कडेला काहीतरी काळं, वाटोळं चिकटलेलं होतं. तू थांबलास, मी वाकलो, तू मला ढकललंस आणि आपण दोघेही त्याच्यावर पडलो. नाणं माझ्या मुठीत आलं.

"मिया आदी बगलंय!" मी म्हणालो.

"तू खंय बगलंस? तू दर्याकडे बगी होतंस!"

"खिसो माझो, नाणा माझा."

तुझ्यापाशी खिसा नव्हता, म्हणून नाणं माझ्याकडे राहिलं. केवढा मोठा न्याय! घासून बघितलं तर एका बाजूला छत्रपती अशी अक्षरं निघाली, शिवराईच ती, आणि शाळेत गुरुजींनी ते सगळ्या वर्गाला फिरवून दाखवलं. मी छाती काढून बसलो होतो आणि तू मागच्या बाकावरून माझ्या मानेवर चिंचोके मारत होतास. माझा नाण्यांचा नाद त्या दिवशी लागला. तू मात्र त्यानंतर कित्येक वर्षं जिथे सापडलो तिथे मला विचारलंस, "मास्तर, माझा नाणा बरा आसा मां रे?" माझ्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, मागे येऊन विचारलंस. भटजींना वाटलं काहीतरी देण्याघेण्याचं आहे.

चौथीनंतर तू बापाशीबरोबर वाकस धरलास आणि मी शिकायला सावंतवाडीला गेलो. पुढे मास्तर झालो, कुठे कुठे बदल्या झाल्या, आणि बऱ्याच वर्षांनी आपल्याच गावच्या शाळेवर आलो. आलो त्याच रविवारी तू पडवीत येऊन बसलास. हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यात डांबरानं माखलेली एक चकती.

"पडाव मोडलो म्हातारो. तेच्या डोलकाठीखाली होता. तू जपतलंस तर घी."

इथे नवं तारू बांधलं की डोलकाठी उभी करण्याआधी तिच्या खोबणीत नाणं ठेवतात, हे मला माहीत होतं. पण तारू मोडताना ते नाणं मोडणाऱ्या मेस्ताचं, सुताराचं, होतं, हे मला त्या दिवशी तू सांगितलंस. तुझा बापूस ती नाणी देवळातल्या पेटीत टाकायचा. तू ती मला द्यायला लागलास. मी विचारलं, देवीला राग येणार नाही? तर म्हणालास, "देवीक कितकी नाणीं व्हयी? तुका तरी कामाक येतली."

ती चकती मी आठ दिवस खोबरेल तेलात बुडवून ठेवली. रोज संध्याकाळी मऊ चिंधीनं टिपायची, परत तेलात. बायको म्हणत होती चिंच लावून घासा, देवाच्या ताम्हनासारखं लख्ख होईल. मी हात लावू दिला नाही. आठव्या दिवशी राणीचा चेहरा वर आला, अर्धं नाक झिजलेलं. तुला दाखवलं तर म्हणालास, "नाक तर माझ्या सासवेचा." आणि मग त्या पडावाचं नाव, तो कोणी बांधला, कुठपर्यंत मीठ नि कौलं घेऊन जायचा, कोणत्या खडकावर एकदा बसला होता, हे सगळं सांगत राहिलास. मी वही काढून लिहून घेतलं.

तशी मग वर्षाला दोन, कधी तीन नाणी. तारवं मोडायचेच दिवस होते ते, सगळ्यांना यंत्रं हवी झाली होती. गोव्याचा तांबड्या पाठीचा तांगा आला, पोर्तुगीजांचं नाणं. अरबी अक्षरांचं एक नाणं आलं, ते कोणत्या बंदरातलं हे मला शेवटपर्यंत लागलं नाही. मी वेंगुर्ल्याच्या एका जाणकाराला ठसा काढून पाठवला, त्यालाही लागलं नाही, तरी त्या आठवड्यात मला झोप कमी आणि भूक जास्त होती. तू फणसाच्या लाकडाची पेटी करून दिलीस, आत वाटोळे खड्डे कोरून. पहिल्या खड्ड्यात मी शिवराई ठेवली. मी हौसेनं झाकणावर सावंतवाडीच्या चिताऱ्याकडून वेलबुट्टी काढून आणली, तर तू पोट धरून हसलास. "नाण्यांचा लगीन लावतंस काय रे?"

वहीवरही तुझा राग होता. "लिवन काय ठेवतंस? तारू गेला, नाव ऱ्हवला, झाला." मी म्हणायचो, नाव कशात राहिलं? लिहिलं तर राहील. तू डोकं हलवायचास. नवे पैसे आले त्या वर्षी तू मला विचारलंस, "रुपायाचे चौसष्ट होते ते शंबर झाले, म्हणजे आमी श्रीमंत झालो काय रे, मास्तर?" आणि मी खरोखरच फळ्यावर मांडतो तसं तुला समजावून सांगायला लागलो. तू ऐकून घेतलंस सगळं. मला वाटतं, तुला फक्त माझं समजावणं बघायचं होतं. अशा माणसाला मी बाजारातून नाणी उचलून आणणारा ठरवलं.

तेच लिहायचं आहे. म्हणून मघापासून उठबस चालली आहे.

लक्ष्मीप्रसाद मचवा मोडला तेव्हाची गोष्ट. तू निरोप धाडलास, मी शाळा सुटल्यावर तसाच मांगरात आलो. तुझे तिघे गडी होते, दोन मचवे कामाला उभे होते. तू हसत नव्हतास, हे मी तेव्हा बघितलंच नाही. तू माझ्या हातावर नाणं ठेवलंस आणि मी ते उजेडाकडे धरलं. भोकाचा पैसा. लढाईच्या दिवसांत तांबं कमी पडलं तेव्हा मध्ये भोक पाडून काढलेला, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आणि लक्ष्मीप्रसाद तर माझ्या वडलांच्या लग्नाआधीचा! त्याच्यातूनच ते मुंबईला लग्नाचा बस्ता आणायला गेले होते, घरात शंभर वेळा ऐकलेली गोष्ट.

मी मास्तर. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही.

"विठू, ह्या नाणा लढायेच्या वक्ताचा. लक्ष्मीप्रसाद माझ्या बापाशीच्या लग्नाच्या आदीचो. मगे ह्या तेच्या पोटात इला खंयसून?"

तू म्हणालास, "इला खंयसून तरी."

"खंयसून तरी म्हणजे? बाकीची पण अशीच काय रे? बाजारातली?"

गडी हसले. मीही हसलो, कारण मला वाटलं तू आता काहीतरी चावट बोलशील आणि भांडण नेहमीच्या जागी जाईल. तू बोलला नाहीस. हात पुढे केलास. "दी हडे." मी नाणं परत दिलं. ते तू कमरेच्या चंचीत, पानसुपारीत टाकलंस आणि फळी तासायला घेतलीस. तेव्हाही मी थांबायला हवं होतं. मी घरी आलो आणि विचार करत बसलो, की बोलला नाही म्हणजे खोटं होतं म्हणूनच बोलला नाही.

त्या रात्री पेटी उघडली आणि मला एकाही नाण्याकडे बघवेना. कालपर्यंत जे तारू होतं, वारा होता, खलाशी होते, ते आज मळकं तांबं झालं. शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवलेलं गणित ओळखलं की पोराची सगळीच पाटी संशयाची वाटते, तसं झालं. वहीत पानंच्या पानं तुझ्या तोंडची. त्यातलं काय खरं, काय मला खूश करायला रचलेलं? मी पेटी पोटमाळ्यावर चढवली. आठ दिवसांत उतरवीन असं वाटलं होतं. सात वर्षं गेली.

आवड अशी मरते हे मला माहीत नव्हतं. भांडण होऊन नाही, नुकसान होऊन नाही, नुसती एक शंका आली आणि बघणंच संपलं. गोवा मोकळा झाला तेव्हा शाळेतली पोरं पोर्तुगीज नाणी मुठी भरभरून घेऊन आली, "गुरुजी, तुमका व्हयी काय?" मी म्हटलं, गोळ्या घ्या जा त्यांच्या. पोरं बिचारी ओशाळली. त्यात काय काय असेल, देव जाणे.

तू मात्र येतच राहिलास. माझं छप्पर गळलं, वासा बदलून दिलास. मुलीच्या लग्नाला चौरंग करून आणलास, मजुरीचं नाव काढू दिलं नाहीस. मासळीवर, आंब्यावर, पांडू तांडेलाच्या कंजूषपणावर आपण पूर्वीसारखेच बोलायचो. फक्त "माझा नाणा बरा आसा मां?" हे तू त्यानंतर कधी विचारलं नाहीस. मी वाट बघायचो, विठू. तू विचारलं असतंस तर मी त्या दिवशी म्हणालो ते चुकलं, असं म्हणालो असतो. म्हणजे आधी तू विचारायचं आणि मग मी चूक कबूल करायची, असा माझा हिशोब. एकदा, दोन पावसाळ्यांमागे, तू कारण नसताना आलास. चंचीचं तोंड सोडलंस, परत बांधलंस, पुन्हा सोडलंस. मला वाटलं पान खायचं आहे, मी अडकित्ता पुढे केला. चहा घेतलास आणि गेलास. त्या दिवशी तू काय काढणार होतास ते मला काल कळलं.

तू पडलास तेव्हा मी धावत आलो. तीन दिवस तुझ्या उशाशी वाडी लोटली होती. दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस, मला बघितलंस आणि म्हणालास, "मास्तर, फळी वली होती." आणि मी काय बोललो? "पन्नाशी इली, गडी आसत, तुका वर चढाची काय गरज होती?" ओरडलोच. तू तोंडाच्या एका बाजूनं हसलास. मला दुसरंच बोलायचं होतं, पण खोलीत माणसं होती, म्हटलं उद्या बोलू. उद्याला तू बोलण्यासारखा राहिला नव्हतास.

काल सकाळी तुझ्या घरून सुंदरवहिनी आल्या. पडवीच्या पायरीवर बसल्या, वर या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"भावोजी, पांडूचे खलाशी तारवार पाय ठेवक तयार नाय. आमच्या घरातसून नाणा जावक व्हया."

मी म्हटलं, "नाणा मालक ठेवतलो मां, वयनी? पांडू ठेवतलो."

"नव्या तारवाक मालकाचा. पण ज्या तारवान माणूस घेतल्यान, तेका त्या माणसाच्या घरचा जाता. आणि घरच्यान सगळ्यांसमोर म्हणाचा, आमच्या घराचो ह्या तारवार राग नाय. तेच्याशिवाय कोण चढणत नाय."

"ह्या माका कोणी सांगूक नाय."

"तुमी मास्तर. तुमका कोण सांगतलो?"

आणि त्यांनी पदराची गाठ सोडली. तुझी चंची होती त्यात. चंचीतून भोकाचा पैसा काढून त्यांनी पायरीवर ठेवला. सात वर्षं कातचुन्यात राहून तो तांबूस झाला होता.

"लवूभावोजींचा ह्या."

लवू म्हणजे तुझा धाकटा भाऊ. तो दर्यात गेला हे मला माहीत होतं. मी तेव्हा सावंतवाडीकडे होतो, महिन्याभरानं कळलं, भेटायला आलो, तुझ्या आईच्या हातचा चहा प्यायलो. कोणत्या मचव्यावर होता हे विचारलंसुद्धा नाही. नाण्यांची सालं विचारत हिंडतो मी!

वहिनींनी सांगितलं. भर वाऱ्यात लक्ष्मीप्रसादची डोलकाठी मोडली आणि लवूला घेऊन दर्यात पडली. मचवा कसाबसा परत आला. नवी डोलकाठी तूच तासलीस. जुनं नाणं दर्यात सोडलं, आणि नवं तुमच्या घरातून गेलं. लवूनं शेवटच्या फेरीत मुंबईहून आणून आईला दाखवलं होतं ते, बघ गो आये, सरकारान पैशाक भोक पाडल्यान, आणि दोघं हसली होती. तेच नाणं तुझ्या आईनं खोबणीत ठेवलं आणि लोकांसमोर म्हणाली, आमच्या घराचो राग नाय. मग खलाशी चढले.

"मगे विठून माका मांगरात कित्याक सांगूक नाय?"

"तारू उभा आसा थंय बुडलेल्याचा नाव घेणत नाय, भावोजी. दोन तारवां उभी होती त्या दिवसा. तुमी भायर हाक मारून इचारूक व्हया होता."

"आणि नंतर तरी?"

"नंतर तेंचो हट. आणि तुमचो."

वहिनीच पुढे म्हणाल्या, तुला मुलगा नाही, आणि त्यांना स्वतःला उभं राहून ते वाक्य म्हणवणार नाही. "तेंनी जपून ठेयलेला काय आसा तर ता तुमच्याकडे. तुमचा घर ता तेंचाच घर. ह्या भोकाचा पेटयेत ठेया, तेंनी तेच्यासाठी खड्डो कोरून ठेयलेलो म्हणी. डोलकाठीखाली एकदा गेलेला नाणा परत जायत नाय, तेचा काम झाला. दुसरा कायतरी द्या. खंयचा ता तुमका म्हायत." आणि चहासुद्धा न घेता गेल्या.

विठू, पेटी पोटमाळ्यावरून काढली. शेवटचा खड्डा खरंच रिकामा होता, इतरांपेक्षा किंचित लहान, भोकाच्या पैशाच्या मापाचा. मला निरोप धाडलास त्याच्या आदल्याच रविवारी तू "पेटयेचो कोनो फुगलो" म्हणून ती घरी नेली होतीस आणि दोन दिवसांनी आणून दिली होतीस. मी खड्डे मोजले नव्हते. तू मला ते नाणं नुसतं देणार नव्हतास. मांगराबाहेर नेऊन सगळी गोष्ट सांगणार होतास. मी तुझ्या आधी तोंड उघडलं.

पैसा तेलात टाकला आणि बाकीची नाणी फडक्यावर मांडली, बुरशी लागली का बघायला. एवढंच करायचं होतं. मग भिंग शोधलं. मग वही. राणीचं अर्धं नाक, तांग्यावरचा मुकुट, आणि त्या अरबी नाण्याच्या कडेला एक बारीक फुली, जी मला पूर्वी कधी दिसलीच नव्हती! मी "विठू, बघ" असं मोठ्यानं म्हणालो. बायको आतून धावत आली. तेव्हा भानावर आलो. दोन तास गेले होते. तू जाऊन पंधरा दिवस नाहीत आणि मी दोन तास सुखात होतो. लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर भिंग खाली ठेववेना. मेलेली आवड अशी तुझ्याच मरणाच्या निमित्तानं परत यावी, हा तुझा विनोद म्हणू की तुझं देणं? दोन्ही असेल. तुला दोन्ही जमायचं.

लक्ष्मीप्रसादच्या पानावर सात वर्षांपूर्वी मी काट मारली होती. तिच्या खाली लिहिलं: दुसऱ्या डोलकाठीचं नाणं, लवूच्या घरचं. आता बाकीच्या नाण्यांबद्दलही विचारत हिंडणार आहे. कोणतं मालकाचं, कोणतं कोणाच्या घरचं. दरवेळी बाहेर हाक मारून विचारीन.

पण हे सगळं मी लांबण लावतोय, हे तुला कळलं असेल. कोणतं नाणं द्यायचं ते वहिनी पायरीवर असतानाच मला कळलं होतं. पेटीतलं एकच नाणं कधी डोलकाठीखाली गेलेलं नाही. पहिल्या खड्ड्यातलं. त्यासाठीच सकाळपासून विहीर आणि फाटक चाललं आहे. कालच तर सगळं परत मिळालं आणि आजच त्यातलं पहिलं काढून द्यायचं! दुपारी एकदा मी चोरासारखा विचारही केला की बाजारातून एखादी दुसरी शिवराई मिळते का बघावी, कोणाला काय कळणार आहे. बाजारातून! तुझ्यावर जो आळ घेतला तेच करायला निघालो होतो. चपला घातल्या होत्या, त्या काढल्या.

आणि ते वाक्य. आमच्या घराचो राग नाय. मला राग आहे, विठू. त्या मचव्याचा आहे, घाई करणाऱ्या पांडूचा आहे, ओल्या फळीचा आहे. वर चढलास म्हणून तुझा आहे, सात वर्षं तोंड शिवून बसलास म्हणून तुझा आहे. आणि सगळ्यांत जास्त ज्याचा आहे त्याचं नाव लिहायला नको. एवढा राग घेऊन मी तिथे उभा राहून खोटं कसं म्हणू? खलाश्यांची पोटं त्या मचव्यावर आहेत, मी नीट म्हटलं नाही तर ते ओळखतील. तुझ्या आईनं कसं म्हटलं असेल? तिला राग नव्हता थोडाच. मघा पडवीत येरझारा घालताना वाटलं, राग गेला म्हणून तिनं नाणं ठेवलं नसेल. हातातलं सगळ्यांत आवडतं सोडलं, आणि मग ते वाक्य तोंडातून आलं असेल.

मग मलाही जे धरून ठेवलंय ते सगळंच सोडायला हवं. नुसतं नाणं नाही.

तर ऐक. त्या सकाळी मी दर्याकडेच बघत होतो. उधाणात फुटलेल्या एका होडीची फळी लाटांवर येत होती, ती बघत होतो. तू थांबलास म्हणून मी थांबलो. तू जिकडे बघत होतास तिकडे मी बघितलं आणि तुझ्या आधी वाकलो. हे मला त्याच क्षणी माहीत होतं आणि त्यानंतर रोज माहीत होतं. तू विचारायचास तेव्हा मी जे मोठ्यानं ओरडायचो, ते म्हणूनच.

पहिला खड्डा आता रिकामा ठेवणार आहे. शिवराई खिशात घातली आहे, तोच खिसा, माझा. उद्या सकाळी मांगरात सगळे जमतील, वहिनी बाजूला उभ्या असतील. पांडू रीतीप्रमाणे विचारील, नाणा कोणाचा? तिथे तारू उभं असेल, पण तू बुडालेला नाहीस, तुझं नाव घ्यायला हरकत नाही. मी मोठ्यानं सांगीन, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

"विठू मेस्ताचा. तेणाच आदी बगल्यान."